गरम झाल्यावर पुन्हा सुरू न होणारं रोटरी इंजिन: दुखणं परत परत का येतं आणि मूळ कसं शोधायचं

तक्रार जवळजवळ प्रत्येक वेळी याच शब्दांत येते. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. रस्त्यावर पिकअप चांगला असतो. तास-दीड तास चालवून दहा मिनिटं कुठे थांबलं आणि पुन्हा किल्ली फिरवली, की सेल्फ नुसता फिरत राहतो, इंजिन पकडत नाही. पाऊण तासाने तीच गाडी काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. मग प्लग बदलले जातात आणि चार दिवस बरं वाटतं. पुन्हा तेच सुरू झालं की बॅटरी बदलली जाते, मग पेट्रोलचा पंप. शेवटी कुणीतरी सांगतं, "इंजिनाचं काम निघालं." इंजिन उघडून नवी सीलं, म्हणजे आतला दाब अडवून धरणाऱ्या पट्ट्या, बसतात, आणि काही महिन्यांनी तोच माणूस तीच तक्रार घेऊन परत येतो.

हे चक्र मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं आहे, आणि सुरुवातीला मीही त्याच क्रमाने पैसे घालवले. म्हणून आधी मुद्द्याचं सांगतो. गरम इंजिन सुरू होत नाही तेव्हा बहुतेक वेळा सीलमधून दाब गळत असतो, हे खरं. पण सील हा साखळीतला शेवटचा दुवा आहे. त्याला झिजवणारी, भाजणारी किंवा अडकवणारी गोष्ट बहुधा सीलच्या बाहेर असते, आणि ती तशीच ठेवून सील बदललं की दुखणं परत येतं.

पिस्टन इंजिनावर हात बसलेल्या माणसाला इथे अंदाज चुकवायला लावणाऱ्या काही गोष्टी आहेत. त्या समजल्याशिवाय तपासणीला अर्थ येत नाही, म्हणून थोडं आतलं बघू.

पिस्टन इंजिनात सिलिंडर ही बंद खोली असते. हवा आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि बाहेर टाकणं ही चारही कामं त्याच खोलीत एकामागून एक होतात. दरवाजे व्हॉल्व्ह सांभाळतात. पिस्टनच्या रिंगा गोल असतात आणि गोल भिंतीला टेकतात. त्यातून दाब गळलाच तर तो खाली क्रँककेसमध्ये जातो.

रोटरीत अशी बंद खोली नसते. बाजूंना फुगीर असलेला त्रिकोणी रोटर, मध्ये किंचित आवळलेल्या लांबट गोल हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, फिरतो. रोटरची तीन टोकं सतत भिंतीला टेकून सरकतात, त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरत पुढे जातो तसा प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा होतो. व्हॉल्व्ह लागतच नाहीत, कारण रोटर स्वतःच पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची भोकं, उघडतो आणि झाकतो. रोटरच्या आतल्या गिअरला ५१ दाते असतात आणि तो ३४ दात्यांच्या स्थिर गिअरभोवती फिरतो. या ३:२ प्रमाणामुळे रोटरची एक फेरी होते तेव्हा एक्सेंट्रिक शाफ्टच्या, म्हणजे क्रँकशाफ्टचं काम करणाऱ्या दांड्याच्या, तीन फेऱ्या होतात. रोटरच्या एका फेरीत त्याच्या तिन्ही बाजू एकेकदा पेटतात, म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरकडून एक स्फोट मिळतो. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेरीत दोन स्फोट देतं, तेवढेच दोन रोटरचं इंजिनही देतं. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे मोजमापात तो उपयोगी पडणार आहे.

आकारमानाचं गणितही सोपं आहे. माझ्दा या जपानी कंपनीच्या १३बी इंजिनात रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर १०५ मिमी, शाफ्टची विकेंद्रता (रोटरचा मध्य शाफ्टच्या मध्यापासून जितका बाजूला असतो ते अंतर) १५ मिमी आणि रोटरची जाडी ८० मिमी. या तिन्हींचा गुणाकार करून त्याला तीन गुणिले तीनचं वर्गमूळ, म्हणजे साधारण ५.१९६ ने गुणलं की एका कप्प्याचे ६५४ सीसी येतात. दोन रोटर, म्हणून १३०८ सीसी.

या रचनेतले दोन परिणाम आपल्या दुखण्याशी थेट जोडलेले आहेत. पहिला उष्णतेचा. पिस्टन इंजिनात गार हवा आणि स्फोट दोन्ही एकाच भिंतीला लागतात, त्यामुळे भिंतीला मधूनमधून गारवा मिळतो. रोटरीत हवा कायम एका बाजूने येते आणि स्फोट कायम दुसऱ्या बाजूला, प्लगांजवळ होतो. हाउसिंगची एक बाजू सतत भाजते, दुसरी त्या मानाने गार राहते. टोकाचं सील दर फेरीत या दोन्हींवरून घासत जातं.

दुसरा परिणाम सीलांचा. एका रोटरला तीन टोकांवर तीन ॲपेक्स सील, दोन्ही चेहऱ्यांवर मिळून सहा साइड सील, आणि ती जिथे मिळतात तिथे सहा कॉर्नर सील. अशी पंधरा सीलं आणि त्यांच्याखाली स्प्रिंगा. ही सगळी एकत्र नीट बसली तरच कप्पा बंद होतो. ॲपेक्स सील भिंतीला एका रेषेत टेकतं, आणि ते गळलं तर वायू खाली क्रँककेसमध्ये न जाता शेजारच्या कप्प्यात शिरतो. म्हणजे एका कप्प्यातली गळती शेजाऱ्याचंही काम बिघडवते.

हे दुखणं या इंजिनाच्या जन्मापासूनचं आहे. फेलिक्स वांकेलचं इंजिन एनएसयू या जर्मन कंपनीत १९५७ मध्ये पहिल्यांदा चाललं. १९६७ मध्ये त्यांची आरओ ८० ही गाडी बाजारात आली. ती १९६८ ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' ठरली, पण टोकांची सीलं झिजत गेली आणि वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी दमली. तिकडे माझ्दामध्ये केनिची यामामोतो यांच्या तुकडीसमोर हाउसिंगच्या भिंतीवर उमटणाऱ्या लाटांसारख्या ओरखड्यांचा प्रश्न होता. सील भिंतीवर थरथरत जायचं आणि क्रोमचा थर खरवडून काढायचं. ते लोक त्या खुणांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकत्र करून बनवलेलं सील सापडलं तेव्हा १९६७ ची कॉस्मो स्पोर्ट विकायला काढता आली. अगदी अलीकडे, २०२३ च्या एमएक्स-३० आर-ईव्हीमध्ये जनरेटर म्हणून बसवलेल्या एका रोटरच्या ८३० सीसी इंजिनातही ॲपेक्स सीलची जाडी २ मिमीवरून २.५ मिमी केली आहे. साठ वर्षांनंतरही लक्ष त्याच जागी आहे, यावरून या पट्टीवर किती भार आहे ते कळतं.

आता मूळ कोडं. दाब गळत असेल तर गाडी रस्त्यावर इतकी छान कशी पळते?

उत्तर वेळेत आहे. सेल्फवर शाफ्ट मिनिटाला साधारण २५० फेऱ्या फिरतो. दाबण्याची क्रिया शाफ्टच्या २७० अंशांत होते, म्हणजे तिला सुमारे ०.१८ सेकंद मिळतात. ५००० फेऱ्यांवर तीच क्रिया ०.००९ सेकंदात उरकते. गळायला वीसपट कमी वेळ मिळतो. शिवाय वेगात असताना रोटर फिरल्यामुळे ॲपेक्स सील बाहेर फेकलं जातं, आणि स्फोटाचा दाब सीलच्या मागे शिरून त्याला भिंतीवर दाबून धरतो. सेल्फवर यातलं काहीच नसतं, सगळी मदार त्या बारीक स्प्रिंगेवर असते. म्हणून झिजलेलं इंजिन धावताना तक्रार करत नाही, सुरू होताना करतं.

गरम असतानाच का, याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत आणि ती एकमेकांत मिसळतात. तेल पातळ होतं, त्यामुळे सील आणि भिंतीमधली फट भरणारा थर कमी पडतो. तापून ताकद गेलेली स्प्रिंग गरमीत आणखी सैल पडते. आत येणारी हवा गरम, म्हणून विरळ. स्टार्टरही तापलेला असतो, त्याच्या वेटोळ्यांचा रोध वाढलेला, म्हणून तो हळू फिरतो. आणि हळू फिरला की गळायला आणखी वेळ मिळतो.

आधी विचारा: थंड की गरम?

थंड इंजिन सुरू होत नसेल तर ते वेगळं दुखणं आहे, त्याचा निकाल आधी लावू. गाडी थंड असताना सुरू केली, जागा बदलण्यापुरती दहा फूट हलवली आणि लगेच बंद केली, असं झालं का ते विचारा. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं. ते जळून जायच्या आत इंजिन बंद झालं की ओलं पेट्रोल आत राहतं आणि सीलांवरचं तेल धुऊन काढतं. पिस्टन इंजिनही ओव्हर होतं, पण तिथे रिंगांचं तेल धुतलं गेलं तरी थोडाफार दाब उरतो. रोटरीत सीलं कोरडी पडली की दाब इतका खाली येतो की पेट घेतच नाही, आणि आपण जितका सेल्फ मारू तितकं आणखी पेट्रोल आत जातं.

इंजेक्शनच्या गाडीत यावर पहिला उपाय असा: ॲक्सिलरेटर आधी तळापर्यंत दाबा आणि तसाच धरून सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन प्रणाली या स्थितीत पेट्रोल बंद ठेवतात आणि नुसती हवा आत जाते. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये स्टार्टरला विसावा द्या. इंजिन पकडू लागलं की पाय हळूहळू वर घ्या. दोन-तीन वेळा करूनही जमलं नाही तर सेल्फ मारत बसू नका. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, प्लगना ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलांची वायर सोडा, प्लग काढा आणि मग सेल्फ मारून आतलं पेट्रोल बाहेर फेकू द्या. ही वाफ पेट घेते, म्हणून कॉइल सोडल्याशिवाय हे करायचं नाही आणि जवळ ठिणगी किंवा ज्योत असता कामा नये. नंतर प्रत्येक रोटरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, थोडं फिरवा, कोरडे प्लग बसवा. सुरू झाल्यावर धुराचा लोट येईल, तो त्या तेलाचा असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) असलेली गाडी ढकलून किंवा ओढून सुरू करू नका. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये साचतं, आणि त्याचे परिणाम काय होतात ते खाली येतंच.

यापुढे हे टाळायचं असेल तर सुरू केलेलं इंजिन गरम होऊ द्यायचं आणि मगच बंद करायचं. रोटरी वापरणाऱ्या घरात हा नियम सगळ्यांना माहीत हवा, कारण गाडी बाजूला घेणारा माणूस बहुधा दुसराच कुणी असतो.

गरम असताना होत नसेल तर: आधी वेग, मग दाब

सील तपासण्याआधी सेल्फचा वेग तपासा. २५० फेऱ्या मिळत नसतील तर चांगलं इंजिनही गरम असताना रुसतं. बॅटरीची टर्मिनलं, इंजिन आणि बॉडीमधली अर्थची वायर, स्टार्टरचे ब्रश, या क्रमाने बघा. माझ्दाच्या आरएक्स-८ या रोटरी गाडीसाठी पुढे जास्त वेगाने फिरवणारा स्टार्टर आला तो याच कारणासाठी. मात्र एक धोका ध्यानात घ्या. झिजलेल्या इंजिनाला जोरकस स्टार्टर लावला की गाडी सुरू होते आणि झीज झाकली जाते. तो लावायला हरकत नाही, पण दाब मोजून झाल्यावर.

आता दाब. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

पिस्टन इंजिनाचा साधा कॉम्प्रेशन गेज प्लगच्या जागी लावला आणि सेल्फ मारला, की काटा वर चढतो आणि तिथेच थांबतो. त्याच्या नळीतली झडप हवा परत जाऊ देत नाही, म्हणून गेज आतापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो. सिलिंडर एकच असतो तेव्हा हे बरोबर आहे. रोटरीत मात्र त्याच भोकासमोरून आळीपाळीने तीन वेगवेगळे कप्पे जातात. दोन मेलेले आणि एक ठणठणीत असला तरी गेज ठणठणीताचाच आकडा दाखवतो. माझ्याकडे आलेल्या एका दोन रोटरच्या गाडीचं असंच झालं होतं. आधीच्या ठिकाणी साध्या गेजवर दोन्ही रोटरचा दाब उत्तम दिसला होता, म्हणून वर्षभर बाकी सगळं बदलून झालं. झडप दाबून धरून मोजलं तेव्हा मागच्या रोटरचे तीनपैकी दोन ठोके जवळजवळ ऐकूच येत नव्हते. मालकाचा चेहरा मला अजून आठवतो, कारण एवढ्या खर्चात इंजिन उघडून झालं असतं.

खास रोटरीचा टेस्टर तिन्ही कप्प्यांचे आकडे वेगळे देतो आणि त्या वेळचा फिरण्याचा वेगही नोंदवतो. तो मिळाला तर उत्तमच. मिळाला नाही तर साध्या गेजची झडप दाबून धरा किंवा काढून टाका, आणि काट्याच्या उड्यांचा फोनवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. इंजिन पूर्ण गरम, बॅटरी भरलेली, पेट्रोल आणि कॉइल बंद, ॲक्सिलरेटर तळापर्यंत. एका वेळी एका रोटरचा एकच प्लग काढायचा.

आधी लक्षात ठेवायला सांगितलेला हिशेब आता कामाला येतो. एका रोटरकडून शाफ्टच्या दर फेरीला एकच ठोका येतो. म्हणून दहा सेकंदांतले फुसकारे मोजा आणि सहाने गुणा, की सेल्फचा वेग मिळाला. चाळीस फुसकारे आले तर २४० फेऱ्या. वेगळं यंत्र लागत नाही. आणि प्रत्येक तिसरा ठोका त्याच कप्प्याचा असतो, म्हणून आवाज एकसारखा 'फस्, फस्, फस्' येतोय की 'फस्, फस्, हं' असा लंगडतोय, हे कानालाही कळतं.

आरएक्स-८ मधल्या रेनेसिस इंजिनाचे कारखान्याचे आकडे असे आहेत: २५० फेऱ्यांवर प्रमाण दाब ८३० किलोपास्कल, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ८.५ किलो. किमान ६८० किलोपास्कल, म्हणजे ६.९ किलो. एकाच रोटरच्या कप्प्यांमध्ये फरक १.५ किलोपेक्षा जास्त नको, आणि दोन रोटरांमध्ये १ किलोपेक्षा जास्त नको. दुसऱ्या इंजिनांचे आकडे त्यांच्या पुस्तिकेतून घ्या. २०० फेऱ्यांवर मोजलेला आकडा २५० च्या आकड्याशी सरळ ताडू नका, तो कमीच येणार.

आकड्यांपेक्षाही त्यांची ठेवण जास्त बोलते. समजा ७.४, ७.३ आणि ५.६ आले. एकच कप्पा खाली आहे. साइड सील एकाच कप्प्याचं असतं, म्हणून संशय साइड किंवा कॉर्नर सीलवर. आता समजा ७.४, ५.२, ५.३ आले. शेजारचे दोन एकदम पडले, म्हणजे त्या दोघांमधली भिंत गेली. ती भिंत म्हणजे ॲपेक्स सील: तुटलेलं, अडकलेलं किंवा वाकलेलं. आणि तिन्ही सारखेच, समजा ६.२ च्या आसपास, तर एखादं सील फुटलेलं नाही, सगळीकडे सारखी झीज आहे, किंवा सीलं पेट्रोलने धुतली गेली आहेत, किंवा सेल्फ हळू आहे. अशा वेळी थोडं तेल सोडून पुन्हा मोजा. पिस्टन इंजिनात ही युक्ती रिंगा आणि व्हॉल्व्ह यांच्यातला दोषी ओळखायला वापरतात. रोटरीत व्हॉल्व्हच नाहीत, तेलाने दाब वाढणारच. पाहायचं ते वेगळं आहे: इंजिन सुरू करून, चांगलं चालवून, पुन्हा गरम असताना मोजल्यावर तो टिकतो का. टिकला तर सीलं नुसती कोरडी पडली होती. पुन्हा खाली आला तर झीज आहे.

सीलला कोण मारतंय?

दाब कमी निघाला म्हणजे तपास संपला असं समजून लोक थांबतात. माझ्या मते खरा तपास इथून सुरू होतो.

पहिला संशयित इग्निशन कॉइल. रोटरीत प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, लीडिंग आणि ट्रेलिंग, कारण जळण्याची जागा लांबट आणि पातळ असते आणि एका ठिणगीने ज्वाला टोकापर्यंत पोचत नाही. आरएक्स-८ च्या चार कॉइली उष्णतेत हळूहळू दुबळ्या होतात. एकदम मरत नाहीत, म्हणून कळत नाही. ठिणगी दुबळी झाली की मिसिंग सुरू होतं, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, तो वितळून अर्धा बुजतो. मग एक्झॉस्ट बाहेर पडत नाही, उष्णता इंजिनात कोंडते, आणि स्प्रिंगा भाजून निघतात. शेवटी गरम असताना गाडी सुरू होत नाही. आता या गाडीला नवी सीलं घालून जुन्या कॉइली आणि बुजलेला कन्व्हर्टर तसाच ठेवला तर काय होईल ते सांगायला नको. परत येणाऱ्या गाड्यांत मला ही साखळी सगळ्यात जास्त दिसली आहे. म्हणून कॉइली ठरावीक काळाने बदलायची वस्तू समजा, आणि कन्व्हर्टरच्या आधीचा एक्झॉस्टचा दाब मोजून घ्या.

प्लग बदलताना लीडिंगच्या जागी ट्रेलिंगचा जात नाही ना, हे बघा. रेनेसिसमध्ये दोन्ही वेगळे असतात.

दुसरा संशयित तेल. रोटरी इंजिन तेल खातं, ते खाण्यासाठीच बनलेलं आहे. मीटरिंग पंप थोडं थोडं तेल कप्प्यांत सोडतो, ॲपेक्स सीलला दुसरं वंगण नसतं. पिस्टन गाडीच्या सवयीने 'तेल कमी होतंय म्हणजे बिघाड' असं वाटून घाबरणारे भेटतात, आणि त्याहून वाईट म्हणजे सर्व्हिसशिवाय डिपस्टिक न बघणारे. पेट्रोल भरताना तेल बघायची सवय लावा. तेल अजिबातच कमी होत नसेल तर ती आनंदाची बातमी नाही, मीटरिंग पंप किंवा त्याच्या बारीक नळ्या तपासा. काही जण पेट्रोलमध्ये लिटरमागे चार-पाच मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल मिसळतात. स्वच्छ जळणारं चांगलं तेल असेल तर मला ते पटतं, पण बंद पडलेल्या मीटरिंग पंपावरचा तो इलाज नाही.

तिसरा कार्बन. रेनेसिसमध्ये एक्झॉस्टचे पोर्ट बाजूच्या प्लेटमध्ये आहेत. प्रदूषण कमी करायला ते उपयोगी ठरले, पण काजळी साइड सीलांच्या खाचांजवळ बसते आणि सील खाचेत अडकतं. कायम हळू, कायम जवळच्या जवळ चालवलेल्या गाड्यांत हे जास्त दिसतं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, मोकळ्या रस्त्यावर, रोज एकदा तरी ते वरच्या फेऱ्यांपर्यंत न्या. सहा गिअरच्या मॅन्युअल आरएक्स-८ मध्ये या इंजिनाची लाल रेषा ९००० ला आहे. तिथे शाफ्ट ९००० फिरत असला तरी रोटर ३००० च फिरत असतो, त्यामुळे पिस्टन गाडीसारखी भीती बाळगायचं कारण नाही. थंड इंजिनाला मात्र असं कधीही रेस करू नका.

चौथा तापणं. काही गाड्यांत तापमानाचा काटा बराच पल्ला मध्यावरच थांबेल असा ठेवलेला असतो, तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. वेगळा खरा आकडा दाखवणारा गेज लावणं हा या इंजिनावरचा सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च आहे. रेडिएटर, पंखे, कूलंट, सगळं आधी. एकदा जास्त तापलं की हाउसिंग आणि प्लेटांमधली पाण्याची सीलंही जातात. त्याची खूण वेगळी: सकाळी सुरू करताना पांढरा, गोडसर वासाचा धूर, पहिले काही क्षण अडखळणं आणि कूलंट कारणाशिवाय कमी होत जाणं. हे दिसलं तर बाकी तपास बाजूला ठेवा, इंजिन उघडावंच लागतं.

दाब चांगला निघाला आणि तरीही गरम असताना सुरू होत नसेल, तर गळणारे इंजेक्टर आणि शाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर बघा. त्या सेन्सरवर लोखंडी चुरा जमतो. आरएक्स-८ मध्ये तो काढून-घालून झाल्यावर संगणकाला नव्याने शिकवावं लागतं: इग्निशन चालू करून आठ सेकंदांत ब्रेक पेडल वीस वेळा दाबायचं.

उघडायचं कधी?

दोन शेजारचे कप्पे पडले असतील तर लगेच, थांबू नका. तुटलेल्या ॲपेक्स सीलचा तुकडा हाउसिंगची भिंत खरवडतो. आज कदाचित सीलांवर भागेल, महिनाभराने हाउसिंगही जाईल. एकच कप्पा खाली असेल आणि गाडी हळू चालवण्यातली असेल, तर कार्बनवर महिनाभर मेहनत घेऊन पुन्हा मोजायला मी सांगतो. अडकलेलं साइड सील सुटल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. तिन्ही सारखे आणि किमान आकड्याच्या थोडे खाली असतील तर घाई नाही. स्टार्टर, बॅटरी, कॉइल आणि तेल नीट करून ते इंजिन बराच काळ वापरता येतं. फक्त गरम असताना दाब दर सर्व्हिसला मोजत राहा.

इंजिन उघडलंच तर नवी सीलं जुन्या हाउसिंगवर डोळे मिटून बसवू नका. क्रोम उडालेला असेल, कडांना पापुद्रे दिसत असतील, प्लेटांवर सीलची पायरी बोटाला लागत असेल, तर नवं सील फार दिवस दाब धरणार नाही. स्प्रिंगाही बदला, त्या वरून चांगल्या दिसतात पण ताकद गेलेली असते. आणि उघडायच्या आधी मालकाला कॉइल, कन्व्हर्टर, रेडिएटर आणि मीटरिंग पंप यांची यादी लिहून द्या. हे खर्चात बसत नसेल तर सीलं नंतर बदलू, असं स्पष्ट सांगा. काही लोक यावर नाराज होतात. तरी सांगा.

जोडल्यावर पहिले आकडे इंजिन थोडं चालल्यानंतरच घ्या. नवी सीलं भिंतीशी जुळायला वेळ लागतो, सुरुवातीला दाब कमी दिसला तरी घाबरू नका. नंतर मात्र प्रत्येक वेळी सहाही कप्प्यांचे आकडे, त्या वेळचा फिरण्याचा वेग, इंजिनाचं तापमान आणि किलोमीटर एकाच वहीत लिहा. मागे सांगितलेल्या गाडीत मागच्या रोटरचं ॲपेक्स सील तुटलेलं निघालं, आणि एक कॉइल इतकी दुबळी की तिची ठिणगी दिवसाउजेडी दिसत नव्हती. चारही कॉइली आणि कन्व्हर्टर नवे घातले. त्या मालकाच्या वहीत आता ओळीने पाच सर्व्हिसांचे गरम आकडे आहेत, आणि सहाही कप्पे एकमेकांपासून अर्ध्या किलोच्या आत आहेत.